मोठीमायचं परस्थान

समुद्र आमच्या घरात कोणीच पाह्यला नव्हता, पण त्या उन्हाळ्यात त्याच्यावरून भांडण मात्र रोज होये. बाबा म्हणत, "काई नसते तेच्यात. आपल्या पूस नदीले पूर येते ना, तसाच. फक्त वसरत नाई." माय चुलीपाशी बसल्या बसल्या विचारे, "वसरतच नाई तं मंग बाया धुनं कुठं धूत असतीन?" मग बाबा माझ्याकडे पाहत, कारण मी वाशीमले मामाकडे राहून शाळेत शिकत होतो, आणि शिकलेल्या पोराले समुद्र माहीत असते असा घरचा समज होता. मीही कमी नव्हतो. आमच्या मास्तराचा आवाज काढून, नाकात बोलून मी सांगे, "समुद्र खारट असतो. हात पुढे कर!" आणि स्वतःच स्वतःच्या हातावर छडी मारून कळवळे. माय हसून हसून पीठ सांडे. मोठीमाय हसत नसे. ती ओसरीवर वाती वळत बसलेली असे. तिथूनच विचारे, "सुदाम, थो आवाज करते का रे?" "कोण?" "समुद्र." करते म्हटलं की ती हातातली वात मांडीवर तशीच ठेवून देई.

मोठीमाय म्हणजे माझ्या बापाच्या मोठ्या भावाची बायको. अनसिंगात आमचं घर खाऊनपिऊन सुखी होतं. बैल होते, ज्वारी होती, तुरीची दाळ होती. नव्हते ते मोठेबाबा, तिचे मालक. जगाच्या पहिल्या लढाईत सरकारले खेचरं सांभाळणारी माणसं पाहिजे होती, आणि मोठेबाबाले जनावराचा नाद भारी, तं ते गेले. मुंबईहून बोटीत बसले, एवढं सोबतच्या माणसानं येऊन सांगितलं. त्याच्यापुढं चिठ्ठी नाही, सांगावा नाही. जिते असल्याचा नाही न् मेल्याचाही नाही. म्हणून मोठीमायनं कुंकू पुसलं नाही आणि गावानंही तिले कधी पूस म्हटलं नाही. ही सगळी माझ्या जन्माच्या आधीची गोष्ट. मी त्यांले पाह्यलं नाही, ऐकलं नाही. मी पाह्यलं ते इतकंच की दिवाळीच्या पहाटे मोठीमाय एक वाटी उटणं जास्तीचं भिजवे आणि ते वाटीतच वाळून जाये.

त्या साली तिनंच विषय काढला. जेवणं झाली होती, बाबा सुपारी कातरून राह्यले होते. ती म्हणाली, "भाऊजी, मले एकडाव थे पानी दाखवून आना. पाय बुडवीन, नारय देईन, एक हाक मारीन न् येईन." मायनं विचारलं, "हाक कोनाले वं बाई?" "मारली म्हंजे समजन." बाबानं अडकित्ता खाली ठेवला. वीस वर्षांत तिनं काही मागितलं नव्हतं, लुगडंसुद्धा नाही. ते नाही कसे म्हणतीन?

आता माझा नातू म्हणते, आबा, संध्याकाळी बसलं की सकाळी समुद्र, त्यात काय विचार करायचा? त्याले मी काय सांगू? आमच्या त्या चार दिवसांच्या फिरण्याचा विचार महिनाभर चालला, आणि मले विचाराल तं खरी मजा तीच होती. अनसिंगाहून सर्विस मोटरनं वाशीम. वाशीमाहून लहान गाडीनं अकोला. अकोल्याहून मोठ्या गाडीनं मुंबई. तिथून आगबोटीनं खाडीपलीकडच्या एका गावी, तिथं आमच्या गावच्या जोशी महाराजांचे कोणी सोयरे होते, दोन रात्री त्यांच्या पडवीत. मग आल्या वाटेनं परत. सोबत काय न्यायचं याच्यावर मायचं डोकं चालू असे. दशम्या किती, तिखटाच्या पुऱ्या किती, शेंगदाण्याची चटणी ओली की कोरडी, सुरईतलं पाणी अकोल्यापर्यंत पुरते का नाही. आणि गाडी कशी असते हे दाखवायले मी होतोच. शाळा बुडवून मी वाशीमच्या ठेसनावर बसत असे, त्याच्यामुळं सगळे आवाज माझ्याजवळ होते. दोन्ही हात तोंडाशी धरून शिट्टी, जिभेनं चाकाची खटखट, गार्डाची आरोळी, चहावाला, चणेवाला, बाकावरच्या जागेसाठी भांडणारी म्हातारी. ओसरीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत मी गाडी नेई. "जऊळका! अमानवाडी! लोहगड! बार्शीटाकळी! ओ बाई, गठुडं काढा, माणसाले बसू द्या!" माय म्हणे, "मेल्या, घसा फाटन." मोठीमाय बाजेवर मांडी घालून, हातात कडी धरल्यासारखी मूठ आवळून बसे. मी थांबलो की म्हणे, "अकोल्याच्या पुढं ने." पुढं मी कधी गेलो नव्हतो. पण थापा मारायले कोणाच्या बापाचं काय जाते? शेगाव, जलंब, मलकापूर, भुसावळ ही नावं ठेसनावरच्या लोकांच्या तोंडून पाठ होती. इगतपुरीच्या पुढं बोगदा येते म्हणून मी सगळ्यांले डोळे मिटायले लावी.

मग जोशी महाराज पंचांग घेऊन आले. निघायले बुधवार सकाळचा चांगला, म्हणाले, त्याच्यापुढं पंधरवडाभर पश्चिमेले तोंड करू नये. आणि आमच्या भाऊबंदाचं लगीन शेलूबाजारले, शुक्रवारचं, ते चुकवता येत नव्हतं. अशी अडचण आली तं आमच्याकडे परस्थान ठेवत. म्हणजे मुहूर्तावर जाणाऱ्या माणसाचं एक गाठोडं, त्यात अंगावरचं वापरलेलं कापड, सुपारी, हळकुंड, मूठभर तांदूळ, असं बांधून जायच्या दिशेच्या घरी नेऊन ठेवायचं. गाठोडं निघालं म्हणजे माणूस निघालं. मग पाय पुढच्या दोन-चार दिवसांत सवडीनं निघाले तरी चालते. आमच्या पश्चिमेले गोदाकाकूचं घर. मी गाठोडं उचलायले गेलो तं मोठीमाय गाठ सोडून त्यात अजून काही घालून राह्यली होती. जुनं, पिवळं पडलेलं उपरणं. मायनं तोंडाले पदर लावला. "बाई, थे कायले? गेलेल्या मानसाचं कोनी परस्थान ठेवते का?" मोठीमायनं गाठ आवळली. "गेले कुठं थे? निंघाले. घरून निंघताना कोनी ठेवलंच नोतं त्याइचं, म्हून वाट सापडत नसन." मी गाठोडं गोदाकाकूच्या भिंतीतल्या देवळीत ठेवून आलो. येताना मोटरच्या भोंग्याचा आवाज काढत आलो, एवढं आठवते.

लगीन झालं. आमी शेलूबाजारहून परत आलो तं गावाच्या शिवेवरच पाटलाचा माणूस उभा. वाशीमात पटकी, म्हणजे कॉलऱ्याची साथ, लागली होती. मोटर बंद, बाजार बंद, गावातून कोणी जायचं नाही, गावात कोणी यायचं नाही. आमाले ओळखीवर आत घेतलं. बाबा घरी येऊन पहिलं हेच बोलले, "वहिनी, आता दिवायीनंतर पाहू. सुद्या, जाय, काकूच्या इथून गठुडं घेऊन ये." मोठीमाय लग्नाले आली नव्हती. ती ओसरीवर बाजेवर बसली होती, बुधवारपासून बसली होती तशीच. ती म्हणाली, "निंघालेल्या मानसाले अर्ध्या वाटेतून ओढू नये भाऊजी." असं शांतपणे म्हणाली की मी जागचा उठलोच नाही.

तेव्हा आमच्या ध्यानात आलं की बुधवारपासून तिनं उंबरठा ओलांडून घरात पाय टाकला नव्हता. आत स्वयंपाक झाला तरी ती आत येत नसे. ताट बाहेर नेलं तं म्हणे, "परवासात चुलीवरचं कायले? दशम्या हायेत ना." लग्नाले जायच्या आधी मायनं तिले करून देलेल्या दशम्या ती तुकडा तुकडा खाई. मले वाटलं मोठीमाय खेळ खेळून राह्यली. मले तं बरंच झालं. दुपारी सगळं गाव पडलं की मी तिच्यासमोर येऊन बसे आणि ठेसनं घेई. वऱ्हाडातल्या वैशाखाची दुपार ज्यानं पाह्यली त्याले माहीत आहे, रात्रीपेक्षा भेसूर असते. रस्त्यावर कुत्रं नसते. ऊन पांढरं होऊन उभं राहते. निंबाचं पान हलत नाही, अन् तरी कुठून तरी हुं हुं असा आवाज येत राहते. त्या आवाजात मी हळूच शिट्टी मिसळे, आणि मोठीमाय जराशी डोलायले लागे. गाडीत बसलेलं माणूस डोलते तशी. मी थांबलो तरी ती डोले.

मग ती माझ्यापुढं जायले लागली. मी भुसावळ म्हणावं तं तिनं म्हणावं, "थे कवाचं गेलं. केळं घेतले ना आपुन." एका दुपारी मी काही न बोलता बसलो होतो, तं तिनं एकदम पदर नाकाले लावला आणि डोळे गच्च मिटले. "काय झालं वं मोठीमाय?" "धुपट किती रे. अंधार होऊन राह्यला." भर उन्हात तिच्या बाहुल्या मोठ्या झाल्या होत्या, अंधारात होतात तशा. मी पाह्यल्या. थोड्या वेळानं ती डोळा चोळायले लागली. मायनं येऊन पदराच्या शेवानं तिच्या डोळ्यातलं कसपट काढलं. पदरावर काळा, खरखरीत कण होता, कोळशाचा. बाबा म्हणाले, चुलीतला असन. आमच्या चुलीत तुराट्या जळत, आणि मोठीमाय तं कितीक दिवसांत चुलीकडे गेलीच नव्हती.

माझी मस्करी तिथंच जिरली. मी तिच्यासमोर बसणं सोडलं, मागच्या आवारात, विहिरीकडे राहायले लागलो. पण त्यानं काही थांबलं नाही. एक दिवस तिनं लोटाभर पाणी तोंडात घेतलं आणि थू करून टाकलं. "खारट हाये." मायनं दुसऱ्या विहिरीचं आणलं. तेही खारट. त्याच्यानंतर तिनं दशमी खाल्ली नाही, पाणी घेतलं नाही, बोलणं बंद केलं. डोलणंही बदललं. आता पुढंमागं नाही, तं वरखाली, हळूहळू, कोणी तिले हातावर धरून झुलवल्यासारखं. ओठ फुटले आणि त्याच्यावर पांढरं बसलं. वैद्य आले, नाडी पाहून बाहेर गेले आणि बाबाले म्हणाले, "हात थंडे पडून राह्यले. पानी घशाखाली गेलं नाई तं उद्याचा भरोसा नाई." जोशी महाराज म्हणाले, गाठोडं आणा. बाबा गोदाकाकूकडे गेले आणि रिकाम्या हातानं आले. गाठोडं उचललं की इकडे मोठीमाय कण्हते, गोदाकाकूच्या पोरीनं दोनदा पळत येऊन पाह्यलं होतं. ठेवलं की थांबते. मी हे ऐकलेलं सांगून राह्यलो, पाह्यलेलं नाही. बाबाचा चेहरा मात्र पाह्यला.

माय विहिरीकडे आली. आजवर माझ्या नकलांवर तिनं मले चिमटेच काढले होते. ती म्हणाली, "सुद्या, आन तिले."

"मी कसा आनू वं?"

"मले काय माहीत? तूच नेलं ठेसनं घेऊन घेऊन. तिले कोनाचंच आयकू येऊन नाई राह्यलं. मी हाका मारल्या, तुया बापानं मारल्या. गाडीच तेवढी आयकू येते तिले. परतीची गाडी काढ."

"परत यायचं तं आधी बोट लागते माय. अन् बोटवाल्याचा आवाज मी कधी आयकलाच नाई."

"मंग थापा मार. रोज मारत नोता का?"

ऐन दुपार होती. मी मोठीमायसमोर बसलो. माय उंबऱ्यात, बाबा खांबाले धरून. आधी मी पाणी केलं, गालात हवा घेऊन, चुबुक चुबुक. मग बोटवाला करायचा होता. जाडा करावा, जरा घोगरा, एवढंच मनात होतं. मी तोंड उघडलं आणि आवाज निघाला तो जाडा नव्हता. बारीक होता, बोलायच्या आधी जरासा अडखळणारा, शब्दाच्या शेवटी वर जाणारा. असा आवाज मी कोणाचाच घेतला नव्हता. बाबाच्या हातून खांब सुटला.

मोठीमायनं डोळे उघडले. माझ्याकडे नाही, माझ्या डोक्याच्या वर पाह्यलं. मी बसलो होतो. ती उभ्या माणसाकडे पाहून राह्यली होती. "किती उशीर केला," ती म्हणाली.

मले म्हणायचं होतं, बसा बसा, बोट सुटते. म्हणालो ते असं: "खेचरं उतरवून देली, मंग निंघालो. चाल, चिमे."

चिमी हे नाव मले माहीत नव्हतं. मायलेही नव्हतं. लग्नात बदललेलं तिचं माहेरचं नाव. बाबाच्या कानावर ते लहानपणी एकदा मोठेबाबाच्या तोंडून पडलं होतं, पण ते विसरून गेले होते. हे सगळं आमी मागून जुळवलं. तेव्हा मी फक्त घाबरलो आणि घाबरलेल्या माणसासारखा पळत सुटलो, म्हणजे तोंडानं. मुंबई, कल्याण, इगतपुरी, नाशिक, मनमाड. एकही ठेसन नीट थांबलो नाही. तो बारीक आवाज गेला, माझे जुने आवाज आले, गार्ड, चहावाला, चणेवाला. भुसावळ, मलकापूर, जलंब, शेगाव. अकोल्याले गाडी बदलली. शिवणी, बार्शीटाकळी, लोहगड, अमानवाडी, जऊळका. मोठीमाय पुन्हा पुढंमागं डोलायले लागली होती. मायच्या डोळ्यातून पाणी. आणि वाशीम आलं तसा मी उभा राह्यलो, हात हलवले, आणि ठेसनावरचा गार्ड शेवटच्या डब्यापाशी ओरडते तसा, नेहमीच्या सवयीनं ओरडलो, "उतरा! सगळे उतरा! गाडी खाली करा! मागं कोणी राहू नका!"

मोठीमाय उठली. इतक्या दिवसांची उपाशी बाई, पण पाय लटपटले नाहीत. मायनं भाकरीचा तुकडा आणि पाणी ओवाळून टाकलं. मोठीमाय दारापर्यंत आली, आणि तिथं एका बाजूले झाली, पदर सावरून, कोणाले तरी आधी आत जाऊ द्यावं तशी. मग उजवा पाय टाकून स्वतः आत आली. लोटाभर पाणी एका दमात प्याली. "गोड हाये आपल्या हिरीचं," म्हणाली. बाबा त्याच पावली जाऊन गाठोडं घेऊन आले. आता कोणी कण्हलं नाही. त्यांनी ते न सोडता वर माळ्यावर ठेवून देलं.

आठ-दहा दिवसांत तिच्या अंगावर मास आलं. पटकी गेली, मोटर चालू झाली. बाबानं भीत भीत विचारलं, "वहिनी, आता जायाचं का मंग?" ती तांदूळ निवडून राह्यली होती. "आता कायले भाऊजी? हाक मारायची होती, थे तं झालं." चेहरा असा निवांत, जसा लेकरू निजवून उठलेल्या बाईचा असते. मले इतकं बरं वाटलं की मी पुन्हा नकला सुरू केल्या. मास्तर आला, जोशी महाराज आले, आमची शेळीही आली. एक दिवस मित्रांत फुशारकी मारायले म्हणून तो बारीक आवाज काढायले गेलो. आलाच नाही. किती तोंड वाकडं केलं, घसा दाबून पाह्यला. माझ्याजवळ तो नव्हताच.

शाळा उघडायच्या आधीची गोष्ट. दुपार होती. मी विहिरीवर राख घेऊन दात घासत होतो. उशिरा उठायचा माझा शिरस्ता. चूळ भरली आणि ओसरीवरून बोलणं ऐकू आलं. मोठीमाय काहीतरी सांगून राह्यली होती, हसत. आणि मग उत्तर आलं, बारीक, जरासं अडखळून, शेवटी वर जाणारं.

आतून माय कावली. "काहून रे सुद्या, पुन्हा छळून राह्यला का तिले? सरम नाई वाटत?" आणि हातात उलथनं घेऊन ती तणतणत मागच्या दारातून बाहेर आली, पुढच्या दारातून गेलं तं मी पळीन, म्हणून विहिरीकडून वळसा घालून मले धरायले. आली आणि समोर मी. गाल फुगलेले, तोंडात पाणी. ओसरीवरचं बोलणं चालूच होतं.

मी पाणी थुंकलो नाही. मायनं माझ्याकडे पाह्यलं, ओसरीच्या बाजूले पाह्यलं, पुन्हा माझ्याकडे पाह्यलं. तिच्या कपाळावर घाम होता, तो तिनं मनगटानं पुसला. मग आत गेली. मागच्या दारातून मले ती दिसत होती. परातीत भाकरीचं पीठ काढून ठेवलेलं होतं. ती खाली बसली, डब्यात हात घातला आणि अजून एका माणसाचं पीठ घेतलं.